सरकारच्या मते सायकल

अम्मा, तुम्ही गाडीवरून पडला नाहीत, हे मला गेल्या वीस दिवसांत निदान तीस जणांना सांगावं लागलं. फोन उचलला की आधी उसासा आणि मग तोच प्रश्न. तंजावरहून तुमच्या भाचीनं विचारलं, "वंडीवरून पडली कां अत्ते?" सांगलीहून माझ्या आईनं विचारलं, "सासूबाईंची ती लूना घसरली का गं?" तुमच्या शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, या वयात स्कूटी चालवायची गरज काय होती. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं खाली उभ्या असलेल्या 'बॅटरी वंडी'कडे पाहून नुसतीच मान हलवली. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. नाही, घरातच. दुपारी जेवून आडव्या झाल्या, झोपेत हृदय थांबलं. गाडी खाली चार्जिंगला लावलेली होती.

उत्तर ऐकून लोक किंचित निराश होतात, असं माझ्या लक्षात आलं. साठी जवळ आल्यावर पहिली गाडी घेणाऱ्या बाईचा शेवट गाडीवरूनच व्हायला हवा, असं त्यांच्या मनात ठरलेलं असावं.

तुम्ही मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडला असतात. चार माणसं, एक वस्तू, चार नावं. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला हे खपणं शक्यच नव्हतं. जात वेगळी, नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव त्याहून वेगळं, हे तुम्ही भाजी निवडतानासुद्धा सांगायचात.

आपला पहिला वाद यावरूनच झाला होता. लग्न होऊन मला मद्रासमधल्या पश्चिम मांबळमच्या या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. मी बोलता बोलता म्हणाले, माझी गाडी सांगलीला राहिली. तुम्ही चमकून विचारलंत, "कार होती कां तुझ्याकडे?" नाही, टू-व्हीलर, मी म्हटलं. आमच्याकडे स्कूटर काय, मोटरसायकल काय, सगळ्याला गाडीच म्हणतात.

"रेल्वेला काय म्हणतां मग?"

"गाडीच."

"बैल जुंपलेल्याला?"

"तीही गाडीच."

"विमानाला वेगळें नांव ठेवलेंत, बरें जालें," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलात. मी म्हटलं, तमिळमध्ये 'वंडी'चं तेच आहे की. त्यावर तुम्ही वर न बघता म्हणालात, "तमिळचें तमिळ बघून घेईल. मी मराठीचें विचारतें."

तुमचं तंजावरचं, तीनशे वर्षं तिकडेच राहिलेलं मराठी ऐकून मला तेव्हा कुणीतरी जुनी पोथी वाचतंय असं वाटायचं. 'झालं'ला तुम्ही 'जालें' म्हणायचात, मला हाक मारताना 'गे' लावायचात, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द असा बसवायचात की तो पाहुणा वाटू नये. तुम्हाला माझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. तुमचा मुलगा रघू आपल्या दोघींच्या मध्ये बसून निम्मं इंग्रजीत बोलायचा.

मामा, रघूचे वडील, असताना तुम्हाला गाडीची गरज पडली नाही. त्यांच्या गिअरच्या जुन्या स्कूटरवर तुम्ही पंचवीस वर्षं मागे एका बाजूला पाय सोडून बसलात. ते गेले, स्कूटर विकली, आणि तुमचं बाहेर पडणं ऑटोवाल्यांच्या हातात गेलं. मांबळमहून सैदापेट, तुमच्या मैत्रिणीचं घर, म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर. तरी तिथे जायचं म्हटलं की तीन ऑटोवाल्यांशी घासाघीस, चौथ्याचे टोमणे. गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नव्हती. निवृत्त झाल्यावर शेजारच्या मुलीची गाडी मागून तुम्ही शिकलात आणि लायसन्सची परीक्षा दोनदा दिलीत. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी न्यायची असते. दोन्ही वेळा वळणावर तुमचा डावा पाय टेकला. घरी येऊन तुम्ही सांगितलंत, "तपासणाऱ्याची चूक नाहीं. पाय टेकलाच." तिसऱ्यांदा गेला नाहीत.

मग दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तुम्ही वर्तमानपत्राचं एक कात्रण माझ्यासमोर ठेवलंत. माझी गौरी अडीच महिन्यांची होती, बाळंतपणाची रजा संपायला आठवडा उरला होता. कात्रणात विजेवर चालणाऱ्या स्कूटरची माहिती होती. वही आणि लाल पेन घेऊन तुम्ही बसलात.

"मंजू, तूं इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत वंड्यांचेच भाग करतेस. मला नीट सांग. मोपेड म्हणजे काय, स्कूटर म्हणजे काय, स्कूटी म्हणजे काय."

मी सांगत गेले. मोपेडला सुरुवातीला मोटर आणि सायकलसारखी पायडल, दोन्ही असायची. पुढे पायडल गेलं, नाव राहिलं. लूना हे तसल्याच एका गाडीचं नाव, पण सांगलीत आमच्या आयांच्या पिढीला कुठलीही हलकी गाडी लूनाच. स्कूटर म्हणजे जिच्यात पुढे पाय ठेवायला सपाट जागा असते, टांग टाकून बसावं लागत नाही. जुन्यांना डाव्या हातात गिअर असायचा, नव्यांना नाही. आणि स्कूटी हे एका कंपनीनं आपल्या एका गाडीला दिलेलं नाव. ती मुलींमध्ये आधी पोचली, म्हणून आता बिनगिअरची जी येईल तिला लोक स्कूटी म्हणतात.

तुम्ही लिहून घेतलंत. 'स्कूटी: एकीचें नांव, सगळ्या जातीला पडलें.' खाली लाल रेघ मारलीत.

"आणि ही करंटवाली? हिची जात कुठली?"

"आकार स्कूटरचा, म्हणून स्कूटरच," मी म्हटलं. "मोटर मागच्या चाकातच असते. पेट्रोलची टाकी नाही, सायलेन्सर नाही. बॅटरी सीटखाली."

"ह्यांत लिहिलें आहे, ताशी पंचवीसच्या आंत धावते तिला लायसन्स नको. नंबरप्लेट नको. खरें कां?"

"खरं आहे. मोटर लहान असेल तर सरकार तिला मोटर वाहन धरत नाही."

"मग काय धरतें?"

"जवळजवळ सायकलच."

तुम्ही वही मिटलीत. "पोदुम, एवढें पुरे. सायकल मला येते."

सायकलची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. तंजावरला तुम्ही आणि तुमची मैत्रीण तुळसाक्का एकाच गल्लीत राहायचात. सायकल तासाच्या भाड्यानं मिळायची आणि ती तुम्ही दोघींत एक घ्यायचात. एकीनं चालवायची, दुसरीनं मागे धावायचं, कोपऱ्यावर बदली. आता तुळसाक्का सैदापेटला मुलीकडे होती. न्हाणीघरात पडून खुबा मोडला होता, तेव्हापासून खाट आणि खिडकी. तिच्या मुलीला मराठी समजायचं, पण बोलायची ती तमिळच. तुम्ही मला म्हणालात, "आमच्या भाषेंत हंसायला तिला माझ्याशिवाय कोण आहे गे?" तुम्हाला एक दिवसाआड दुपारी तिच्याकडे जायचं होतं. गाडी हवी होती ती एवढ्यासाठी.

इथून पुढचं मी तुम्ही असताना कधी बोलले नाही. आता सांगते.

मी त्या संध्याकाळी रघूला सांगितलं की गाडी आत्ता घेऊ नये. कारणं कागदावर लिहून दिली. बॅटऱ्या शिशाच्या आहेत, दीड-दोन वर्षांत बसतात. कंपनी सांगते त्याच्या निम्मंच अंतर जाते. दोन माणसांना घेऊन पुलावर चढत नाही. इथल्या नोव्हेंबरच्या पावसाच्या पाण्यात कंट्रोलर भिजला तर गाडी जागच्या जागी उभी. निम्म्या कंपन्या नवीन आहेत, पुढच्या वर्षी सुटे भाग कुठून आणायचे? आणि चार्जिंग. गाड्या तळमजल्यावर, आपलं घर पहिल्या मजल्यावर, खाली असलेला एकमेव प्लग सोसायटीच्या मीटरवरचा. सहा महिने थांबलो तर चांगली मॉडेल्स येतील.

यातलं एकही खोटं नव्हतं. कारखान्यात मी असे कागद रोज करत होते, त्यामुळे माझं बोलणं पटण्यासारखं होतं. रघूला तर नाही म्हणायला कारण हवंच होतं, तो आधीपासून घाबरलेला. त्यानं तुम्हाला येऊन सांगितलं, "अम्मा, मंजू थांब म्हणते. तिला यांतलें कळतें."

खरं कारण त्या कागदात नव्हतं. माझी कंपनीची बस पावणेसातला अशोक पिलरहून निघायची आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायची. रघू आवडी गावात कामाला, त्याचीही तीच तऱ्हा. तीन महिन्यांच्या मुलीला दिवसभर तुम्ही बघणार, हे मी गृहीत धरलं होतं. तुम्हाला विचारलं नव्हतं. सांगलीत नातवंडं आजीच बघते, त्यात विचारायचं काय, असं माझ्या डोक्यात होतं. तुमच्या हातात गाडी आली असती तर एक दिवसाआड दुपारी मला दुसरी सोय बघावी लागली असती. नोकरी सोडायची मला भीती होती. तेवढं तोंडानं बोलायची लाज वाटली म्हणून मी बॅटरीवर बोलले.

तुम्ही वाद घातला नाहीत. "सरि, बरें," म्हणालात. कात्रण वहीत ठेवलंत.

मार्च गेला, उन्हाळा गेला. गौरी तुमच्या मांडीवर पालथी पडायला शिकली, रांगायला शिकली. मी घरी आले की तुम्ही दिवसाचा वृत्तांत द्यायचात. तुळसाक्काकडे तुम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी जात होतात, तेही रघू मोकळा असेल तर. अधूनमधून मला विचारायचात, "नवीन मॉडेल आलें कां गे?" आवाजात टोमणा नसायचा. मी म्हणायचे, येतंय, दिवाळीपर्यंत येईल.

सप्टेंबरात, नवरात्रात मांडायच्या गोलूच्या बाहुल्या माळ्यावरून काढायच्या दिवसांत, तुळसाक्काला पक्षाघात झाला. तिची मुलगी वनजा हिचा फोन तुम्हीच घेतलात. तुम्ही ऑटोनं एकट्या गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा मी दारात होते. "उजवी बाजू गेली," तुम्ही म्हणालात. "बोलणें जड जालें आहे. येईल म्हणतात हळूहळू." मग हातपाय धुऊन गौरीला घेतलंत.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी मीच विषय काढला. तुम्ही 'आतां कशाला' असं काही बोलाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही नुसतं म्हणालात, "चल, बघूं."

वडपळनीच्या दुकानात तीन गाड्या होत्या. विक्रेता पन्नाशीचा, कपाळाला विभूती लावलेला गृहस्थ होता. तो तमिळमध्ये म्हणाला, "लेडीज वंडी आहे मॅडम, सत्तर किलोमीटर पळेल."

"सत्तर म्हणजे चाळीस धरा," मी मराठीत तुम्हाला म्हटलं.

"मला सहा लागतात," तुम्ही म्हणालात. "चाळीसांत मी तंजावरच्या वाटेला लागेन."

मी ब्रेक पाहिले, चाकं पाहिली, चार्जर पाहिला, बॅटरी बदलायची वेळ आली तर ती इथेच मिळेल का ते विचारलं. तुम्ही यातलं काही पाहिलं नाहीत. प्रत्येक गाडीवर बसायचात आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का ते बघायचात. पहिलीवर टाचा उचलल्या जात होत्या. दुसरीवर टेकत होत्या, पण ती स्टँडवर चढवताना गुडघ्यात कळ आली. तिसरी दिसायला सगळ्यांत साधी, फिकट निळी, एखादं खेळणं असावं तशी. तिच्यावर तुम्ही नीट बसलात. मूठ पिळल्यावर ती एकदम झेपावते का हे बघायला मी तुम्हाला दुकानामागच्या गल्लीत न्यायला सांगितलं. तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलात, वळलात आणि आलात. पाय टेकला नाही. मी सगळा कागद करून आले होते, पण पाय टेकण्याची बाब माझ्या कागदात नव्हती. निवडीत तीच सगळ्यांत महत्त्वाची होती. पुढे ऑफिसातल्या दोघीतिघींनी मला विचारलं तेव्हा मी आधी तेच सांगितलं: कंपनीचे आकडे नंतर वाच, आधी बसून बघ, तळवे टेकतात का.

तुम्ही विक्रेत्याला सायकलची घंटा बसवून द्यायला सांगितलीत. तो म्हणाला, हॉर्न आहे मॅडम. तुम्ही म्हणालात, हॉर्न ऐकून लोक दचकतात, घंटा ऐकून बाजूला होतात. ही वंडी आवाज करत नाही, कुणाला तरी करावा लागेल. त्यानं बसवून दिली.

चार्जिंगचा प्रश्न तुम्ही दोन दिवसांत सोडवलात. सोसायटीचे सेक्रेटरी नटराजन सार म्हणाले, सगळ्यांच्या विजेवर एकाची गाडी चालणार नाही. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून पाइपालगत आपल्या मीटरची वायर खाली आणलीत, शेवटी कुलपाचा डबा बसवलात, किल्ली मंगळसूत्रासारखी गळ्यात घातलीत. नटराजन सारांनी येऊन डबा पाहिला आणि आपल्या जावयासाठी इलेक्ट्रिशियनचा नंबर मागून नेला. आणि दुपारी गौरीजवळ बसायला वळ्ळियम्मा मिळाली. समोरच्या इमारतीतली, चार मुलं वाढवलेली बाई. तिला शोधायला मला एक दिवस लागला. फेब्रुवारीतही एकच लागला असता.

चौदा महिने तुम्ही ती गाडी चालवलीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीनला. मी इतर दिवशी नावाचा वाद उकरून काढायचे. मी म्हणायचे, अम्मा, कायदा काही म्हणो, ती स्कूटरच आहे, पायडल नाही तिला. तुम्ही म्हणायचात, "सरकारच्या मतें सायकल आहे. सरकारपेक्षां तुझी शाळा मोठी कां?" गौरीनं बोलायला लागल्यावर तिला 'आज्जीची टिंग' म्हटलं, तेव्हा तुम्ही ते मान्य केलंत. हाक मारायचं नाव कुणीही ठेवावं, म्हणालात. आपला वाद मात्र तसाच राहिला. आणखी दहा वर्षं पुरला असता.

तुळसाक्काकडून आलात की रात्री जेवताना तुम्ही तिच्या गोष्टी सांगायचात. आज तुळसा म्हणाली, मद्रासच्या वांग्याला चव नाहीं. तुळसा म्हणाली, तुझी सून पुस्तकासारखी बोलते, पण मन लावून बोलते. तुळसा म्हणाली, मुलीला दोन्ही मराठी येऊं देत, एक बाहेरचें, एक घरचें. एकदा तुम्ही मला सांगितलंत, "तुळसा विचारत होती, मंजू दमते कां म्हणून." मी ताटावरून हात उचलला होता तेव्हा. मला बरं वाटलं होतं. पक्षाघातातून ती इतकी सावरली, याचंही बरं वाटलं होतं. माझ्यामुळे गेलेले आठ महिने भरून निघतायत, असा मी हिशोब मांडला होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी वळ्ळियम्मा गौरीला घेऊन तुम्हाला उठवायला आली होती. सोमवार होता, तीन वाजून गेले होते. तिनं मला कारखान्यात फोन केला. इरुंगाट्टुकोट्टैहून यायला मला दीड तास लागला. त्या दीड तासाबद्दल मला काही लिहायचं नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि काल शुक्रवारी मी रजा टाकून सैदापेटला गेले. तुमच्या गाडीवरूनच गेले. वनजा तेराव्याला येऊ शकली नव्हती, आईला सोडून येणं तिला जमत नाही. तुळसाक्काला कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. ते मीच सांगावं असं मला वाटलं.

वनजानं दार उघडलं. तमिळमध्येच बोलली. आईला सांगितलंय, म्हणाली, पण पोचलं की नाही कोण जाणे.

"अम्मा सांगायच्या, त्या छान बोलायला लागल्यात," मी म्हटलं.

वनजानं माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण, माझी आई? तिनं पक्षाघातानंतर एक शब्दही उच्चारलेला नाही. बोलणं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

मी काहीतरी चुकीचं ऐकलं असं समजून पुन्हा विचारलं. वनजानं पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या अम्मा यायच्या, खाटेजवळ खुर्ची घ्यायच्या, आणि दीड तास मराठीत बोलायच्या. प्रश्न विचारायच्या, थोडं थांबायच्या, मग स्वतःच हसायच्या. जणू उत्तर मिळालं. मला आधी भीती वाटायची. नंतर मी त्या वेळात झोपून घ्यायला लागले. तेवढीच झोप मिळायची."

तुळसाक्का खिडकीशी उशांना टेकून होती. लहानखुरी, गोरी, केस कापलेले. मी खुर्चीवर बसले. माझ्या बातम्यांसारख्या मराठीत सांगितलं, अम्मा गेल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग नजर दाराकडे गेली आणि तिथेच थांबली. तिला समजलं का, हे मी सांगू शकत नाही. मी अर्धा तास बसले. मला दीड तास बोलता आलं नाही.

येताना मी गाडी हळू चालवली. चौदा महिने रात्रीच्या जेवणात तुळसाक्काच्या तोंडून जे आलं, ते तुमचं होतं. मी पुस्तकासारखी बोलते पण मन लावून बोलते, हे तुमचं मत होतं. मी दमते का, हे तुम्ही विचारत होतात. हे सगळं तुम्ही का केलंत? मला अपराधी वाटू नये म्हणून, की तुळसाक्का अजून बोलते आहे असं निदान एका घरात तरी असावं म्हणून? कदाचित मला सरळ सांगण्यापेक्षा तिच्या आडून सांगणं सोपं असेल. तुम्हाला विचारता येत नाही, आणि विचारलं असतं तर तुम्ही शेंगा सोलायला घेतल्या असत्या.

रघू संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. आधी तुळसाक्काचं, मग माझं. फेब्रुवारीतला कागद बॅटरीसाठी नव्हता, मला अम्मा घरी हव्या होत्या, हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. तो रागावेल असं वाटलं होतं. तो बुटाची नाडी सोडत बसला होता, तसाच थांबला.

"अम्माला ठाऊक होतें," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"मी तिला तुझा कागद वाचून दाखवला, त्याच दिवशीं म्हणाली. मंजूला मी घरीं हवी आहें, लेंकरासाठीं. तें ती मागत नाहीं, बॅटरी सांगते." त्यानं बूट काढून ठेवला. "मी म्हटलें, मग तिच्याशीं बोलूं कां? तर नको म्हणाली. म्हणाली, मागितलें असतें तर मी आनंदानें राहिलें असतें. आतां ती मागेल म्हणून वाट बघतें."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिनें सांगूं नको म्हटलें होतें."

आतून गौरीनं हाक मारली, तो उठून गेला. मी तिथेच बसले. तुम्ही आठ महिने मला विचारत होतात, नवीन मॉडेल आलें कां गे. मी दर वेळी मॉडेलचंच उत्तर देत राहिले.

अम्मा, माझी मुलगी तुम्ही वाढवलीत. माझी नोकरी राहिली ती तुमच्यामुळे, आणि मी आज जी कुणी आहे त्यात ती नोकरी बरीच आहे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, कारण ते म्हणायचं तर आधी मागितलं नसल्याचं कबूल करावं लागलं असतं. मी मागायला हवं होतं. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं सगळं तुम्हाला माहीत होतं.